तानीबाईच्या डोक्यावर कावळा

सरकारला पाझर फुटायला वर्षं लागतात, हात आखडायला एक कागद पुरतो. त्र्याऐंशी साली बेंगळूरहून असाच एक कानडी कागद निपाणीजवळच्या एका वृद्धाश्रमात आला. व्यवस्थापक मारुतीरावांनी तो पडवीत सगळ्यांना मराठीतून सांगितला: ज्यांना कमावता मुलगा आहे, त्यांचं अनुदान येत्या महिन्यापासून बंद, त्यांना घरी धाडावं.

तानीबाईला मुलगा होता. तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं नाकातोंडात भुकटी घेऊन तिनं भीमसेनला शिकवलं, आणि तो बेळगावात कारकून झाला. चार वर्षांपूर्वी तिला इथं सोडताना 'दिवाळीला न्यायला येतो' म्हणाला होता. कुठल्या दिवाळीला, ते सांगायचं राहिलं.

मारुतीरावांनी त्याला तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही. माणूस भला, शेवटी हळूच म्हणाले, "आक्का, पोरगा वारला म्हणून लिवतो. अंगठा द्या. कोण बघाय येतंय?"

"जित्या पोराला मेला म्हणू? जीभ झडंल माझी!"

महिना संपायला आठ दिवस उरले, आणि अंगणात मिरच्या वाळत घालताना तिच्या डोक्यावर कावळा बसला. हे मरणाचं बोलावणं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यावर उतारा ठरलेला आहे: माणूस मेल्याची खोटी बातमी नातलगाला धाडायची. तो रडला की मरण टळतं, आयुष्य वाढतं. मग खरं सांगून सगळे हसतात.

"तुझ्या लेकालाच कळीव," शेजारच्या खाटेवरची शेवंताबाई म्हणाली. "रडत येतोय बघ. आला की हात धरून जा त्येच्यासंगं."

तानीबाईला मरणाची भीती नव्हतीच. पण या निमित्तानं तरी तो येईल, ही आशा सुटेना. मारुतीरावांनी हो-नाही करत कार्ड लिहिलं. तिनं पिशवी भरली. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून ती रोज फाटकापाशी बसायची. बेळगावची गाडी आली की उठायची, गेली की परत बसायची. मेलेल्या बाईनं एवढं नटावं का, म्हणून शेवंताबाई चिडवायची.

सहाव्या दिवशी भीमसेनचं कार्ड आलं. मारुतीरावांनी ते मनात वाचलं आणि खिशात घालू लागले.

"वाचा की मोठ्यानं."

'रजा मिळत नाही. क्रियाकर्म तिथंच उरकावं. सामान गरिबांना वाटून टाकावं.'

"रडलो, असं लिवलंय?"

"न्हाय, आक्का."

नवरा गेला तेव्हाही ती एवढी एकटी पडली नव्हती. बराच वेळ तिनं मांडीवरची पिशवी सोडली नाही. मग उठून कचेरीत गेली आणि टेबलावर हात ठेवला. "लिवा. पोरगा वारला."

कागदावर अंगठा उठला, आणि तिनं असा हंबरडा फोडला की आश्रमातली सगळी म्हातारी माणसं गोळा झाली. शेवंताबाईनं तिला पोटाशी धरलं. "गप गं. असल्या पोरासाठी कशाला रडतीस?"

"रडू दे मला," तानीबाई म्हणाली. "त्येच्या मरणाची खोटी बातमी दिलीया मी. कुणीतरी रडाय नको? त्येचं आयुष्य वाढू दे."