पारा बसेपर्यंत

तापमापक खरे बोलतात की नाही, हे ताडून पाहण्यात आत्याची सगळी नोकरी प्रयोगशाळेच्या तळघरात गेली. ती निवृत्त झाल्यावर थोरल्या भाचीने तिला भावंडांच्या ग्रुपमध्ये घेतले, आणि थोड्याच दिवसांत तिला फोन केला.

"आत्या, तू प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारतेस."

"अर्थ माहीत नसताना हसायला मला जमत नाही."

"मग हसू नकोस ना. पण तू विचारलंस की पुढे कुणी बोलतच नाही. सगळे म्हणताहेत, आत्याला वेगळा ग्रुप काढून देऊ. तिथे फोटो टाकत जाऊ."

भावाची ही मुले सोडली तर आत्याला दुसरे गणगोत नव्हते. फोटोंचा ग्रुप म्हणजे काय, हे तिला न विचारताच समजले.

"मग कळायचं कसं?"

"विचारायचं नाही. नुसतं राहायचं. आपोआप कळतं."

'आपोआप' हा शब्द आत्याने उभ्या आयुष्यात एकाही अहवालात शिरू दिला नव्हता. पद्धत मात्र ओळखीची होती. बाहेरून आणलेला तापमापक लगेच वाचत नाहीत. त्याला खोलीत ठेवून खोलीसारखा होऊ देतात. तिने ग्रुपमध्ये अर्थ विचारणे सोडले.

दुपारी, पडद्यातून गाळून आलेल्या उजेडात, ती फोन घेऊन आरामखुर्चीत बसे. क्रिंज. वाइब. विषय हार्ड. बहिणी एकमेकींना 'भावा' म्हणत आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे. वाचता वाचता तिचा डोळा लागे आणि ती पुन्हा तळघरात पोचे. कुंडातले कोमट पाणी संथ हलत असे, त्यात काचेच्या नळ्या उभ्या असत, आणि नळ्यांतून पाऱ्याऐवजी शब्द चढत असत, एकमेकांना न शिवता. रेघ कुठे मारावी हे मात्र कळत नसे. जागी झाल्यावर ती याला पुरावा मानत नसे. तरीही 'विषय हार्ड' आता तिला कळत होते, आणि कधीपासून, हे सांगता येत नव्हते.

अशाच एका दुपारी, चष्म्याच्या दुकानात कामाला असलेल्या धाकट्या भाचीचा संदेश आला. "मालकाने गिऱ्हाइकासमोर झापलं. राजीनामा लिहिलाय. पाठवू का?" खाली तिने राजीनामाच डकवला होता.

"पाठव भावा."

"राडा होऊ दे."

"शेवटचा परिच्छेद जाळ आहे."

थोरलीने नुसत्या ज्वाळा टाकल्या.

आत्याने शेवटचा परिच्छेद वाचला. तो वाचून दुसऱ्या कुठल्याही दुकानाने धाकटीला दारात उभे केले नसते. तळघरात कुणी घाईने आकडा सांगू लागले, की बाकीचे एवढेच म्हणत. आत्याने तेच टंकले.

"पारा बसू दे."

ग्रुप थांबला. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. आपली रवानगी आता फोटोंच्या ग्रुपमध्ये होणार, असा आत्याने निष्कर्ष काढला. उपलब्ध पुरावा तरी त्याच बाजूचा होता.

"म्हणजे?" धाकटीने विचारले.

आत्याने व्याख्या लिहिली. वाचली. पुसली. मग लिहिले, "विचारायचं नाही. नुसतं राहायचं."

"आत्याने आपल्यालाच गुंडाळलं," थोरली म्हणाली.

"विषय हार्ड."

"बरं भावा," धाकटीने लिहिले. "बसू देते."

आत्याला आजवर कुणी 'भावा' म्हटले नव्हते. तिने तो शब्द बराच वेळ पाहिला.

राजीनामा गेला, पण पुढच्या आठवड्यात, आणि शेवटच्या परिच्छेदाविना. त्यात आपला हात होता असे म्हणायला एक निरीक्षण पुरेसे नाही, असे आत्याने थोरलीला फोनवर बजावले.

"तुला फोटोंच्याच ग्रुपमध्ये टाकायला हवं होतं," थोरली म्हणाली.

मग एकदा भाच्याने वाफाळत्या कॉफीचा फोटो टाकून खाली लिहिले, "पारा बसू दे." हे साफ चूक होते, गरम वस्तू निवण्याबद्दल तळघरात असे कुणी कधीच म्हणत नसे. दुरुस्तीसाठी आत्याचा अंगठा उठला आणि काचेच्या वर अधांतरी राहिला. पडदा हलला. उजेड भिंतीवरून संथ सरकला. अखेर तिने एक ज्वाळा पाठवली, तिच्या तापमानाची चौकशी न करता, आणि डोळे मिटले.