डागमावशीचे फडके

मित्रांनो, मला बघून नाक मुरडायच्या आधी जरा थांबा. मी एक जुने फडके आहे. माझे काठ विसकटलेले आहेत, रंग कोणता होता ते मलाही आता आठवत नाही, आणि मधोमध एक भोक आहे. पण चिकट आणि तेलकट डागांच्या दुनियेत विचारून बघा. माझे नाव काढले की भल्याभल्या डागांना घाम फुटतो.

मुळात मी एक सुती चादर होते. बारा वर्षे एका गादीवर पडून राहण्यापलीकडे मी काही केले नाही. मधे विरल्यावर मालकिणीने मला उभे-आडवे टराटर फाडले आणि माझे चार तुकडे झाले. एक लादी पुसायला गेला, एक सायकलच्या दुकानात गेला, एकाचे काय झाले ते कळलेच नाही. मी मात्र मालकिणीच्या बादलीत आले. खरे सांगायचे तर माझे आयुष्य तेव्हाच सुरू झाले.

माझी मालकीण घरोघरी जाऊन साफसफाई करते. तिला सगळे डागमावशी म्हणतात. तिच्या बादलीत खायचा सोडा, साबणाचा चुरा, गोडेतेलाची छोटी बाटली, एक लाकडी उलथने आणि मी, एवढाच संसार. तिचा नियम सोपा आहे: चिकटाला तेल, तेलकटाला सोडा आणि दोन्हीला धीर. नवीन फडकी कोरी आणि कडक असतात, पाणी पीत नाहीत, नुसती मिरवतात. मी धुऊन धुऊन इतके मऊ झाले आहे की काचेवरही ओरखडा उठत नाही. गॅसच्या शेगडीमागच्या फरशा, धूर ओढणाऱ्या पंख्याची पाती, मुलांनी कपाटाला चिकटवलेली चित्रे, सांडून वाळलेला पाक, या सगळ्यांना मी पाणी पाजले आहे.

वाईट दिवसही पाहिले. एकदा मावशी आजारी पडली आणि मी तीन आठवडे मोरीखाली ओलेच्या ओले, बोळा होऊन पडले. माझ्या अंगाला असा वास आला की मलाच माझी किळस वाटू लागली. त्याच सुमारास घरात एक निळे, लोकरीसारखे नवे फडके आले आणि दांडीवर माझ्या जागी ऐटीत वाळू लागले. मला फार वाईट वाटले. पण बरी झाल्यावर मावशीने मला सोड्याच्या पाण्यात उकळले, कडक उन्हात टाकले आणि पुन्हा बादलीत घेतले. त्यानंतर महिन्याभरातच एक जेवणाचे टेबल माझ्या वाट्याला आले.

ते टेबल एका म्हाताऱ्या सुताराच्या घरातले होते. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने ते आपल्या बायकोसाठी स्वतःच्या हाताने केले होते. आजींना ते इतके आवडले, इतके आवडले, की त्याच दिवशी त्यांनी त्यावर प्लॅस्टिक घातले आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. डाग पडायला नको म्हणून. प्लॅस्टिक पिवळे पडले की त्यावर दुसरे, आणि पट्टीवर पट्टी. असे सहा थर झाले. पट्ट्यांचा डिंक वितळून काळा झाला, त्यावर स्वयंपाकघरातले तेल बसले, त्यावर धूळ. टेबलावर वही ठेवली की पान चिकटून फाटायचे. जपायला म्हणून गेल्या आणि करून बसल्या भलतेच.

त्यांच्या सुनेने शेवटी हात टेकले होते. तिने नवे टेबल सांगून ठेवले होते. ते दुसऱ्या दिवशी येणार होते आणि तोच टेंपो जुने घेऊन जाणार होता. आदल्या दिवशी सकाळीच तिने एका कोपऱ्याचे प्लॅस्टिक सोलून तो तारेच्या घासणीने घासून पाहिला, तर लाकडावर ओरखडे उठले. आजोबा उठून गॅलरीत जाऊन बसले. ते पाहून सुनेलाच कसेसे झाले आणि तिने डागमावशीला बोलावणे धाडले. काम एका दिवसात झाले तर टेबल राहील, नाहीतर जाईल, असे तिने स्पष्ट सांगितले.

मावशीने आधी खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तेलाचा थेंब लावून पाहिला. पॉलिश शाबूत राहिले. मग तिने सगळी प्लॅस्टिके सोलली, डिंकावर कोमट तेल चोपडले आणि पाय पसरून खाली बसली. अर्धा तास झाला तरी ती उठेना, तेव्हा सुनेचा जीव वरखाली होऊ लागला.

"मावशी, तुम्ही नुसत्या बसून काय राहिलात?"

"मी बसलेय ताई, तेल काम करतंय."

आणि खरेच, उलथने लावताच डिंक सायीसारखा सुटू लागला. काट्याने काटा काढावा, तसे तेलाने ते तेलकट किटण सैल केले. मागून मी साबणाच्या पाण्यात बुडून, घट्ट पिळून यायचे आणि राहिलेले तेल टिपून घ्यायचे. दुपारपर्यंत चारही कडा निघाल्या. माझा ऊर भरून आला होता.

पण मधोमध गाडी अडली. तिथे कधीतरी गरम भांडे ठेवल्याने प्लॅस्टिक लाकडावर वितळून बसले होते. तेल झाले, सोडा झाला, धीरही झाला. मावशीसारखी मावशी, पण तिचाही धीर सुटला आणि तिने प्लॅस्टिक खरवडायला दाढीची पत्ती मागवली. एक चुकीचा फटका आणि ते लाकूड कायमचे गेले असते.

तेवढ्यात गॅलरीतून आजोबा आत आले. त्यांनी पत्ती बाजूला ठेवली आणि मला उचलले. मला कोमट तेलात भिजवून त्यांनी त्या जागेवर ठेवले आणि लाकडाच्या रेषा ज्या दिशेने धावत होत्या, त्याच दिशेने हळूहळू घासू लागले. कुठे वळायचे हे त्यांना न बघता ठाऊक होते. तास उलटला, पण ते थांबले नाहीत. आयुष्यात मला पुष्कळ हातांनी धरले आहे, पण असा हात मी दुसरा पाहिला नाही. माझ्या मधले भोक तेव्हाच पडले, आणि मला त्याचे काडीचेही दुःख नाही.

प्लॅस्टिक सुटले. खाली लाकडात एक गाठ होती आणि तिच्याभोवती रेषा गोल गोल फिरत गेल्या होत्या. आजी जवळ येऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अहो, हे असं होतं?"

"असंच होतं," आजोबा म्हणाले. "तुझ्यासाठी ती गाठ मुद्दाम मधोमध घेतली होती. तू नीट बघायच्या आधीच झाकलीस."

आजींचे डोळे भरले. सुनेने मुकाट्याने फोन उचलला आणि नवे टेबल नको म्हणून सांगून टाकले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. पण सवय कुठे जाते? आजी डोळे पुसत कपाटाकडे गेल्या आणि प्लॅस्टिकची कोरी गुंडाळी घेऊन आल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्या थबकल्या, ओशाळल्या आणि गुंडाळी परत ठेवून आल्या.

मग त्यांनी चहा केला. पहिला पेला आजोबांसमोर ठेवला, थेट लाकडावर. आजोबांनी तो उचलला तेव्हा खाली एक ओले वर्तुळ उमटले होते. मावशीने सवयीने मला उचलले आणि मीही तयारच होते. आजींनी माझ्यावर हात ठेवला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आम्ही जेवतो इथे."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण त्यांना हात लावून, पुसून, वापरून जपा. आणि काम झाले की मला बोळा करून मोरीखाली टाकू नका. धुऊन उन्हात टाका, मी पुन्हा कामाला येईन. शेकडो डाग काढल्याचा मला अभिमान आहेच. पण त्या टेबलावरचे ते वर्तुळ मी पुसले नाही, हे मी जरा जास्तच मान वर करून सांगते.