पाहुण्यांकडं पाठ

कुंडलिकआबांना बघायला येणाऱ्या माणसांचा शिवानीला आता मनापासून वैताग आला होता. सासरा गोठ्यात घसरला, डावा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी आणलं. तेव्हापासून पंधरा दिवस निम्मं मार्गासनी गाव आणि वेल्ह्याकडचे सगळे सोयरे बिस्किटपुडा घेऊन दारात हजर! यावं की, कोण नको म्हणतंय? पण आबा पडले जुन्या वळणाचे. पाहुणा आला की तोंड त्याच्याकडंच पाहिजे.

खाट भिंतीला लावलेली. मोडक्या डाव्या अंगावर निजायला डॉक्टरांची बंदी. उजव्या कुशीवर वळवावं, तर तोंड भिंतीकडं आणि पाठ पाहुण्यांकडं.

“माणसं लांबून आली आन् म्या त्यास्नी पाठ दाखवू? न्हाई जमायचं,” म्हणत आबा दिवसभर उताणे.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला. हाड आणि गादीच्या मध्ये मांस दबून राहिलं की तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरते. शिवानीनं मोबाईलवर अलार्म लावले. अलार्म वाजायचा आणि नेमकं तेव्हाच दारात कुणीतरी चपला काढत असायचं.

माकडहाडावर लाल डाग उठला. बोटानं दाबला तरी पांढरा पडेना, म्हणजे तिथलं रक्त अडलेलंच. तिनं नवऱ्याला सांगितलं. सोमनाथ शिवऱ्याला गॅरेजात कामाला. “पडून पडून लाल व्हणारच. एवढं काय त्यात?” म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. बापाचं उघडं अंग पोरानं बघू नये म्हणे! मग सुनेनं बघावं होय?

त्यात आबांनी लघवीला सारखं उठवायला नको म्हणून पाणी तोडलं, जेवण दोन घासांवर आणलं. अंगात काही गेलंच नाही, तर कातडी टिकणार कशानं?

आज सकाळी अंग पुसताना कातडी फडक्याबरोबर सुटून आली. शिवानीनं तशीच सिस्टरना हाक दिली. सिस्टर फोनवर म्हणाल्या, “दुपारी येते. तोवर उताणं अजिबात ठेवू नका, हाडापर्यंत जाईल ते.”

तेवढ्यात वेल्ह्याकडचे गेनबातात्या आणि त्यांची बायको फुलाबाई आत येऊन बसले.

“आबा, कुशीवर व्हा.”

“अगं, गेनबा आलाय. दिसत न्हाई व्हय तुला?”

शिवानीचं टाळकं सटकलं. “उठा, तात्या! खाटंचा पायथा धरा. हळू वढायची, हिसका न्हाई द्यायचा.”

दोघांनी खाट भिंतीपासून चार हात पुढं घेतली. तिनं सतरंजी भिंतीकडच्या बाजूला टाकली. “हितं बसा. आता आबांचं तोंड तुमच्याकडंच हाय.” आबांना तिनं उजव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. आबा या वेळी लगेच वळले. एवढंसं तर काम! पंधरा दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

जखमेवर स्वच्छ कापड ठेवायला ती वाकली, तोच डबा न्यायला परत आलेला सोमनाथ दारात उभा राहिला. आबांची उघडी पाठ आता दाराकडं होती. तळहाताएवढी जागा, मधे काळपट, कडेनं ओली लाल. त्याच्या हातातली गाडीची चावी खाली पडली.

“कोण आलंय?” आबांनी विचारलं. “पाठ हाय माजी, राग मानू नका. हिकडून या.”

सोमनाथ खाटेला वळसा घालायला निघाला.

“ऱ्हाऊ द्या, आबा,” शिवानी म्हणाली. “त्यास्नी तिकडूनच बगू द्या.”