दवाखान्याचा पडदा दंडारीला गेला

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, तुम्ही जरा जवळ या. पवनीहून कोंढ्याकडे जाताना एक लहान गाव लागतं. तिथल्या सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकलेला, तीन पानांचा हिरवा घडीचा पडदा म्हणजे मी. कापड विटलं आहे. एक बिजागरी तुटली आहे, त्यामुळे मला उघडलं की मी कण्हतो. पण मला खरं दुखतं ते दुसरीकडेच.

सत्तर सालानंतर कधीतरी नत्थू सुताराने सागाच्या पट्ट्या रंधून माझी चौकट केली. कापड पवनीच्या मागावरचं. नर्स गोदावरीबाईंनी ते स्वतः शिवून माझ्यावर ताणलं आणि बाकावरच्या बायकांना सांगितलं, "पहा वं बायांनो, याच्या मांगं जे बोलनं होईन ते मी कोनाले सांगनार नाही. अन् हा तर बिचारा मुकाच आहे!"

बायका हसल्या. तोंडाला पदर लावून का होईना, हसल्या. तेव्हा मला वाटलं, आपण कामाचे आहोत.

पुढची वर्षं सुखाची गेली. तान्हं लेकरू पदराखाली शांत होतं ना, तशा बाया माझ्याआड आल्या की शांत होत. घरात कोणाशी न बोललेलं तिथे बोलत. दवाखान्याशेजारच्या जनाबाई मात्र बाकावरून टोमणा मारायच्या, "पडद्यामांगं जाते म्हनजे काहीतरी केलं असन तिनं." त्या टोमण्याला भिऊन कितीतरी जणी दारातूनच वळत.

रुखमा वळली नाही. जागेश्वरची बायको, दोन लेकरांची आई, रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, सगळ्यांच्या पुढे हात चालवणारी. एका दुपारी ती माझ्याआड बसली आणि बराच वेळ नुसती काचेच्या बांगड्या फिरवत राहिली.

"बोल नं वं," गोदावरीबाई म्हणाल्या.

"बाई, अंगावरून पानी जाते. वास येते. अन् आता मधातच रक्त दिसते."

"मालकाले सांगितलं?"

"कशी सांगू? म्हनतीन, हे असं तुलेच काहून झालं? तुमी सांगू नका बाई. माह्या लेकराईची आन आहे तुमाले."

गोदावरीबाईंनी शब्द दिला. मग समजावून सांगितलं, की गर्भपिशवीच्या तोंडाशी एक आजार वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. लवकर सापडला तर बाई वाचते. नागपूरच्या डॉक्टरीणबाई शिबिराला येणार आहेत. लाकडाच्या काडीने तिथलं थोडं पाणी घेतात, काचेवर लावतात, ती काच नागपूरला तपासतात. दुखत नाही.

शिबिराचा दिवस गोदावरीबाईंनीच मागून घेतला होता. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी लेकीबाळी येतात, पाहुणे येतात, जिलेबी होते, दंडारीचा, म्हणजे गावच्या गड्यांच्या नाटकाचा, खेळ होतो. बाई घराबाहेर पडली तर कोणी का म्हणून विचारत नाही. मंडईला निघायचं आणि हळूच दवाखान्यात शिरायचं! किती छान बेत होता, मित्रांनो.

पण त्याच सकाळी जागेश्वर आणि आणखी एक गडी दवाखान्यात आले. दंडारीत बाईचं सोंग जागेश्वर घ्यायचा. गोदावरीबाई पाणी भरायला गेल्या होत्या. कंपाउंडर भैय्यालाल एकटाच होता.

"वासुदेवराव सरपंचांनी पडदा मांगितला. गडी लुगडं नेसतीन तं आडोसा पाहिजे."

"अरे, पन आज शिबिर आहे नं."

"खेळ झाला का आनून देतो. वासुदेवराव म्हनते, गावच्या इज्जतीचा सवाल आहे."

सरपंचाचं नाव ऐकून भैय्यालाल गप्प बसला. जागेश्वरने मला खांद्यावर घेतलं. बायकांसाठी केलेला मी, बायकांच्याच दिवशी, गड्यांच्या लाजेसाठी मंडईच्या मैदानात उभा राहिलो.

थोड्या वेळाने गोदावरीबाई धापा टाकत आल्या. "वासुदेवराव, पडदा द्या. बाया बसून आहेत."

"आता कसा भेटन बाई? खेळ सुरू होऊन राहिला. चादर बांधा एखादी."

"चादर बांधली. हवेनं उडून राहिली. समोर सारी मंडई आहे."

जागेश्वर माझ्याआडून डोकावला. अर्धं लुगडं नेसलेला, गालाला लाली. "बाई, बायाईले बायाईची कायची लाज? लाज तं आमाले!"

सगळे खदखदून हसले. गोदावरीबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या ओठांवर एक नाव आलेलं मी पाहिलं. ते त्यांनी गिळलं. शब्द दिला होता ना.

संध्याकाळी मी परत आलो, कापडावर लालीची बोटं पुसलेली. मला धुताना गोदावरीबाई पुटपुटत होत्या, "एकेक करून गेल्या. रुखमा शेवटपर्यंत बसली. मंग तेही गेली." नंतर त्या तिच्या घराकडे कितीदा गेल्या, पण रुखमा एकच म्हणायची, "धान कापनं झालं का येईन." मग धान मळायचं चुरणं आलं, मग लग्नसराई, मग पुन्हा रोवणा.

पुढच्या शिबिराला जागेश्वरने तिला बैलबंडीत निजवून आणलं. त्या दिवशी मी जागेवर होतो. काय उपयोग!

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मागच्या वर्षी का नाही आलात?"

"आली होती मी," रुखमा म्हणाली. "पडदा नव्हता."

पुढे नागपूरला किरणांचे शेक दिले. त्यानंतरच्या रोवण्याला ती नव्हती.

एक दिवस जागेश्वर येऊन बाकावर बसला. "बाई, तवा तुमी मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं होतं, तिथं कोन बसली आहे म्हनून?"

मित्रांनो, त्याचे डोळे भरले होते, तरी मला त्याचा राग होता. अजून आहे. सरपंचाचाही आहे, आणि गप्प बसलेल्या भैय्यालालचाही.

आता डॉक्टरीणबाई येतात तेव्हा गावच्या मोठ्या मुलींनाही बसवतात. सांगतात, की गर्भपिशवीच्या तोंडाचा हा कर्करोग एका बारीक विषाणूने होत असावा असं शास्त्रज्ञांना दिसू लागलं आहे. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, पुष्कळदा नवऱ्याकडूनच. तो कोणाच्या चालीची शिक्षा नाही. लहान वयात लग्न करू नका, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसलं तर लपवू नका, आणि काही त्रास नसला तरी तपासून घ्या.

मुली माना खाली घालून ऐकतात. मी त्यांच्या मागे उभा असतो.

मैत्रिणींनो, दवाखान्यात आडोसा मागायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे. आणि मुलांनो, तो उचलून नेण्याआधी आत कोण बसली आहे एवढं विचारा. एखाद्या दिवशी पडदा नसलाच, तर मैत्रिणींनी पाठमोऱ्या उभं राहून, पदराला पदर लावून भिंत करा. पण परत फिरू नका. आणि कोणी परत फिरताना दिसली तर तिला हाक मारा. मी मुका आहे. तुम्ही नाही.