बुडालेल्या घरांची मतं

पोर्थमेरिकची निवडणूक लॉर्ड ट्रेव्हॅनिकला घरच्या कार्यासारखी होती. अर्लचा, म्हणजे बड्या उमरावाचा, हा थोरला मुलगा वीस वर्षं त्या किनाऱ्यावरच्या गावातून पार्लमेंटात जात होता. आता त्याला मंत्रिपद मिळालं होतं, आणि रिवाज असा की मंत्री झालेल्यानं जागा सोडायची आणि पुन्हा निवडून यायचं. हरला, तर मंत्रिपदही गेलं. नेमका यंदाच कॅप्टन कार्लियन विरोधी उमेदवार म्हणून आडवा आला होता.

लॉर्डला त्याची काडीची फिकीर नव्हती. या गावात मत माणसाला नसे, घराला असे. तेरा घरं, तेरा मतं. त्यातली सात घरं दहा वर्षांपूर्वी एका तुफानात माणसांसकट समुद्रात गेली. बांध खचलाय, दुरुस्त करा, म्हणत त्या सातजणांनी लॉर्डचे उंबरे झिजवले होते, आणि यानं दरवेळी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. माणसं गेली, तरी यादीतली नावं कुणी खोडली नाहीत. ती नावं सांगून लॉर्डचेच नोकर मतं देऊ लागले. तेव्हापासून दोघे त्याच्याविरुद्ध उभे राहिले, दोघांनाही या सात मतांनी आडवं केलं. गावाला सगळं ठाऊक होतं, पण मालकाच्या जमिनीवर राहून बोलणार कोण?

भर दुपारी, लख्ख उन्हात, बाजारात मतदान सुरू झालं. ज्यानं त्यानं मंचावर चढायचं आणि घर, नाव, मत मोठ्यानं सांगायचं. जिवंत सहाजणांतली चार मतं कॅप्टनला गेली, दोन लॉर्डला. लॉर्ड गालात हसला. आता त्याची माणसं यायची होती.

पहिला चढला त्याचा गाडीवान बोल्ट, एरवी नुसता खिदळणारा. आज चेहरा कोरा होता. ‘बांधाकडचं पहिलं घर. जेन्किन रॉस्किली,’ असं तो परक्याच आवाजात म्हणाला आणि त्यानं मत कॅप्टन कार्लियनला दिलं. मग खाली उतरून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मंचाच्या फळ्यांवर त्याच्या बुटांचे ओले ठसे उमटले होते. गावात महिनाभर पाऊस नव्हता.

मेल्याला कुणीतरी फितवलंय, असं लॉर्ड मनाशी म्हणाला. पण दुसरा आलेला माळीही दुसऱ्या घराचं नाव सांगून कॅप्टनलाच मत देऊन गेला, तसाच ओला. आता कॅप्टनची सहा झाली. आणखी एक, की खेळ खलास.

“मी जातो वर, मालक. घाबरू नका,” कारभारी पॅस्को कानात म्हणाला. सावलीसारखा वीस वर्षं सोबत राहिलेला माणूस. तो पायऱ्या चढला आणि वर पोचताच खोकला. तो खोकला लॉर्डनं ओळखला. म्हातारा एझ्रा नान्स असाच खोकायचा. तुफानाच्या आदल्या दिवशी टोपी हातात धरून तो बांधासाठी शेवटचा येऊन गेला होता.

“तिसरं घर,” पॅस्कोच्या तोंडून म्हातारा बोलला. “एझ्रा नान्स.”

“हरकत!” लॉर्ड ओरडला. “हा एझ्रा नाही. एझ्रा मेलाय.”

मतं नोंदवून घेणाऱ्या नगराध्यक्षानं लेखणी उचलली. हरकतीचं कारण उमेदवारानं स्वतः, सगळ्यांसमोर सांगायचं, असा नियमच होता. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, एझ्रा कधी मेला? दहा वर्षांपूर्वी, तुफानात, असं लॉर्ड बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला कळलं की आपण आपल्या हातानं आपलं राजकारण संपवलं. गेली दहा वर्षं त्याला निवडून दिलं होतं ते मेलेल्यांनीच.

पण मंचावरचा माणूस हलला नाही. त्याच्या बाहीतून खारं पाणी गळून लॉर्डच्या बुटांपर्यंत आलं होतं.

“कशानं मेलो, मालक?” त्यानं मायेनं विचारलं. “तेवढं सांगा. लिहून घेतायत.”

लॉर्डनं कॅप्टनकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. कुणी त्याच्या मदतीला येईना.

“मी बांध बांधला नाही,” तो म्हणाला. “म्हणून.”

नगराध्यक्षानं ते लिहून घेतलं आणि चौथ्या घराच्या नावाची हाक दिली.