मी ‘ह्यांचं’ नावाचा फोल्डर

मी एक फोल्डर. पत्र्याचा नाही, कागदाचा नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर उत्तरेश्वर आणि वनमाला या नवराबायकोचं लाकूडकामाचं दुकान आहे, तिथल्या संगणकात मी राहतो. मला डोळे नाहीत, पण समोर बसून माणसं बोलतात ते मी ऐकत असतो.

या दुकानात एक यंत्र आहे. लाकडात नावं कोरतं, दारावर वेलबुट्टी काढतं. वनमाला संगणकावर नक्षी तयार करते. मग तिचा हुकूमनामा काढते, म्हणजे यंत्रानं कुठून कुठं जायचं, किती खोल जायचं, ते आकड्यांत लिहिलेलं. तो काढताना संगणक विचारतो, कुठं ठेवू? वनमाला दर गिऱ्हाइकाच्या नावाचा एक फोल्डर करते आणि त्याचा पत्ता तिथं देते. आत फाईल एकच, तिचं नाव कायम ‘पाटी’. फोल्डर वेगळा असला की झालं, असा तिचा हिशेब.

माझा जन्म लाजेतून झाला. युसूफ वडगावचे एक गृहस्थ हॉटेलची पाटी सांगायला आले. त्यांचं नावही उत्तरेश्वर. वनमालेचा हात थांबला. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, मग बोटानं कसं घ्यावं? थोडा वेळ बसली आणि टाइप केलं, ‘ह्यांचं’. तो मी. लाकूड गुरुवारी आणतो म्हणून ते गृहस्थ गेले. मी पाटी पोटात घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी नांदूरघाटच्या सरस्वतीबाई आल्या. काखेत एक फळी.

“बाई, ह्याच्यावर माझं नाव काढून दे. लई वर्षं ऊसतोडीला गेलो, पाचटाच्या कोपीत ऱ्हायलो. कोपीला कुठं नाव आस्तंय? आता दोन खोल्या झाल्यात.”

“मावशी, फळी कशाची ही?”

“आमच्या गाडीची. मालक गेले, बैलं इकली, गाडी मोडली. एवढीच धड ऱ्हायली. दुसरी न्हाई बरं का.”

वनमालेनं नाव मांडलं, ‘सरस्वतीबाई’ असा फोल्डर केला, पत्ता बदलला, फाईल त्यात काढली. सगळं नीट केलं. मग नवऱ्याला म्हणाली, “पाटी काढून ठेवलीय, घ्या पेनड्राइव्हवर,” आणि मावशीसाठी चहा सांगायला बाहेर गेली.

उत्तरेश्वर येऊन बसला. यादीत त्याला मी दिसलो. ‘ह्यांचं’. तो हसल्याचं मी ऐकलं. “आमच्यासाठी येगळंच काढून ठेवलं व्हय!” असं पुटपुटला आणि मला उचलून घेऊन गेला. मी ओरडलो असतो, पण फोल्डरला कुठला आवाज!

यंत्र सुरू झालं. वनमाला परत येऊन खुर्चीत बसली. पडद्यावर यादी उघडीच होती, उचललेल्या नावावर अजून निळी पट्टी. ते नाव माझं.

“अहो!” ती ओरडली. “अहो, थांबा!”

यंत्राचा आवाज, भुसा ओढणाऱ्या पंख्याचा आवाज. दाराशी थांबलेली दोन गिऱ्हाइकं “काय ओ?” म्हणून वळली. ज्यानं वळायचं तो वळला नाही.

“उत्तरेश्वर!”

लाल बटण दाबल्याचा आवाज आला. मग सगळं गप्प.

“नाव घेतलं तू माझं?” तो म्हणाला.

“फळी बघा आधी!”

“आगं, नाव घ्यायला लगीन लागतंय,” सरस्वतीबाई म्हणाल्या, “तू तर फळीवरच घेतलंस!” आणि लगेच विचारलं, “गेली का गं माझी फळी?”

फळीवर वीतभर रेघ पडली होती. हॉटेलच्या नावाच्या डोक्यावरची. अक्षर अजून एकही उतरलं नव्हतं.

“मावशी, चूक आमची हाय,” वनमाला म्हणाली. “दुसऱ्याच्या नावाची रेघ पडली. पण डोक्यावरची रेघ कुणाच्याबी नावाला तीच लागती. तुमचं नाव हिच्याच खाली धरते. चालंल का?”

मावशी “धर,” म्हणाल्या.

फळी हलवली नाही. वनमालेनं नाव त्या रेघेला लावून पुन्हा मांडलं, फाईल पुन्हा काढली. या वेळी पत्ता मोठ्यानं वाचला, “सरस्वतीबाई.” नवऱ्यानंही मोठ्यानं म्हटलं, “सरस्वतीबाई.” मगच यंत्र चाललं.

आता माझं नाव ‘युसूफ वडगाव हॉटेल’ आहे. गुरुवारी माझं काम होईल आणि मला काढून टाकतील. माझी तक्रार नाही. जायच्या आधी एवढंच सांगतो, काम कुठं ठेवलं ते घेणाऱ्याला तोंडानं सांगत जा. नुसत्या आमच्या नावांवर सोडू नका.

त्या दिवशी शेवटी ऐकलं ते अजून माझ्याजवळ आहे. मावशींना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, “बोट धरून दाव, कुठून कुठंवर मी हाय.”

वनमाला दाखवत गेली. स, र, स्व.

“आजून हाय?”

“हाय की मावशी. लई लांब हाय.”