ठेवलेली फाइल

दुधाची तपासणी नव्या प्रयोगशाळेकडे सोपवली, त्या बैठकीचा मला फार अभिमान होता. बारा मिनिटांत आटोपली. त्यांचा ओस्मो म्हणाला, "सगळं स्पष्ट आहे." मीही म्हणाले, "स्पष्ट आहे." फिनलंडमधल्या आमच्या लापुआ गावात याहून लांब बैठक म्हणजे भांडणच.

सोमवारी सकाळी नऊला पिर्क्को माझ्या दारात उभी. ती आमच्या दूधसंघाचा टँकर चालवते. अकरा वर्षं आम्ही एकाच टेबलावर कॉफी पितोय.

"रीता, अगं, पाइप लावून दीड तास झाला. झडप उघडत नाहीये."

"मग आत्ता सांगतेस?"

"म्हटलं, तू कामात असशील."

तपासणीच्या निकालाची फाइल आमच्या संगणकात आली, तरच टँकरमधलं दूध उतरवून घ्यायची झडप उघडते. तोंडी निकाल चालत नाही. आणि दहाच्या आत उघडली नाही, तर सगळं दूध ओतून द्यायचं, असा नियम. नऊ गोठ्यांचं एकोणीस हजार लिटर.

"त्यात माझ्या भावाचंही आहे," पिर्क्को म्हणाली आणि घड्याळाकडे बघत राहिली.

फाइलींची ने-आण करणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. त्यात रीती दोनच. एकतर समोरचा आपणहून आमच्या दारी येतो, फाइल ठेवून जातो. नाहीतर आमचा सर्व्हर ठरल्या वेळी उठून त्याच्या दारी जातो आणि घेऊन येतो. मी पहिली रीत धरली होती. ओस्मोसाठी कप्पा, किल्ली, सगळं तयार ठेवलं होतं. सात वाजता कप्पा रिकामा दिसला, तेव्हा नवी माणसं आहेत, घाई नको, म्हणून मी गप्प बसले. आताही रिकामाच. कुणी दाराशी येऊन गेल्याची नोंदसुद्धा नाही.

शेवटी फोन लावला. फोन करायचं माझ्या अगदी जिवावर येतं.

"निकाल सहालाच तयार ठेवलाय," ओस्मो म्हणाला. "तुमचा सर्व्हर कधी येतोय, त्याचीच वाट बघतोय."

"अहो, मी तुमची वाट बघतेय! तीन तासांत एकदा विचारायचं तरी!"

"उगाच कशाला त्रास द्यायचा, म्हटलं."

असा राग आला! पण कोणत्या तोंडाने बोलणार?

"थांबा, आमचाच सर्व्हर पाठवते," मी म्हणाले. त्याने पत्ता सांगितला, मी भरला. पहिल्या खेपेला त्यांच्या दाराने आमच्या सर्व्हरला हाकलून दिलं. ओस्मोने आमचं नाव आत घ्यायच्या यादीत घातलंच नव्हतं. त्याने ते घातलं आणि नऊ पन्नासला मी पुन्हा पाठवला. या वेळी तो फाइल घेऊनच परतला. निकाल चांगला होता. खाली पंप घरघरू लागला. तो आवाज मला इतका गोड कधीच वाटला नव्हता.

टँकर रिकामा झाल्यावर पिर्क्को वर आली, हातमोजे चढवले आणि नेहमीचंच म्हणाली, "ये कधीतरी सौनाला."

तिच्या घरच्या त्या वाफेच्या अंघोळीला एवढी वर्षं मी "येईन की" म्हणते आणि ती वार कधी सांगते, याची वाट बघते.

"शनिवारी सहाला येते," मी म्हणाले.

ती दारातच थबकली. कानापर्यंत लाल झाली.

"दर शनिवारी दोन टॉवेल काढून ठेवते मी," ती म्हणाली.